बाजूचंही दिसू द्या

संपादक महोदय,

व्हेरायटी चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या गाडीला एक ऑटो डावीकडून घासून गेला. त्याच बाजूला आई बसली होती. समोरच्या डॅशकॅममध्ये (गाडीत बसवलेल्या, रस्त्याचं चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यात) दिसला फक्त लाल दिवा! मग दोन्ही बाहेरच्या आरशांखाली बाजूला रोखलेले कॅमेरे बसवून घेतले. वायर दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच न्यावी, नाहीतर दारात चेपते. आणि आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत लिथियम बॅटरीचा कॅमेरा नकोच, सुपरकपॅसिटरचा (बॅटरीऐवजी वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) घ्या. चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार, ते कोणत्या उपकरणातून कसं घेतलं हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. त्याचा मराठी नमुना प्रत्येक पोलीस ठाण्यात मिळालाच पाहिजे.

– एक वाहनचालक, मनीषनगर, नागपूर