बारशिंग्याच्या पोटातले जंत : मित्रास पत्र

पाषाण, पुणे

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. कान्ह्याजवळच्या तुझ्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असताना बारशिंग्याच्या लेंड्या जनुकीय तपासणीसाठी पुण्याला कशाला पाठवायच्या, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पर्णकृमींची झाकणवाली अंडी तुला तिथेच ओळखता येतील. अडचण आहे ती गोलकृमींची. हिमोंकस, ट्रायकोस्ट्राँगायलस, ईसोफॅगोस्टोमम यांची अंडी इतकी सारखी दिसतात की मुरलेला तपासनीसही 'स्ट्राँगाइल गट' एवढेच लिहून थांबतो. लेंड्या आठवडा-दहा दिवस उबेत ठेवून अळ्या वाढवल्या तर शेपटीच्या आवरणावरून वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कळतो. पण त्यासाठी अंडी जिवंत हवीत, आणि वंश कळला तरी जात कळतेच असे नाही.

जात कळणे इथे महत्त्वाचे आहे. हिमोंकस कंटॉर्टस हा प्रामुख्याने शेळ्यामेंढ्यांचा जंत, तर हिमोंकस प्लॅसेई गुरांचा. त्यांच्या डीएनएतला आयटीएस-2 हा तुकडा 231 अक्षरांचा असतो आणि त्यात दोघांमध्ये फरक असतो तो अवघ्या 3 अक्षरांचा. बारशिंग्याला हा जंत कोणाच्या चराईतून लागला असावा, असे विचारायचे असेल तर ती तीन अक्षरे वाचायलाच हवीत. अर्थात दोन्ही जाती एकमेकींच्या यजमानांतही, म्हणजे ज्यांच्या पोटात त्या राहतात त्या जनावरांतही, सापडतात, त्यामुळे याला सुगावा म्हणावे, निकाल नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर 1970 साली कान्ह्यात हे प्राणी मोजून 66 उरले होते आणि कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्याच्या उपजातीचा तो शेवटचा कळप होता. पुढे संख्या सावरली, काही जनावरे सातपुड्याच्या जंगलात हलवली गेली. पण जनावर हलते तेव्हा त्याच्या पोटातले जंतही नव्या कुरणात जातात, हे आपण फारसे बोलत नाही. मला त्याहून अधिक काळजी औषधाची वाटते. बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाच्या जनुकात 200व्या जागी एक बदल झाला की जंत अल्बेंडाझोलच्या गटातल्या जंतनाशकांना दाद देत नाही, आणि तो बदल याच नमुन्यातून वाचता येतो. शेळ्यांना वर्षानुवर्षे औषध पाजून तयार झालेला असा जंत, आयुष्यात कधी औषध न घेतलेल्या हरणात जाऊन बसू शकतो. ब्रिटनमधल्या रानटी रो हरणांत तसे आढळल्याचे 2014 साली प्रसिद्धही झाले आहे.

आता मर्यादा सांगतो, कारण यंत्रातून आलेला कागद पाहून माणसे लगेच भुलतात. कोणत्या जातीच्या डीएनएचे किती तुकडे वाचले गेले, यावरून पोटात किती जंत आहेत हे ठरत नाही. त्यासाठी तुझी मॅकमास्टर पट्टी, म्हणजे अंडी मोजायची चौकटी आखलेली काच, आणि अंड्यांची मोजणीच लागते. दुसरे असे, की रानटी हरणांच्या कितीतरी जंतांची नोंद जनुकांच्या संग्रहात झालेलीच नाही, त्यामुळे जवळचे नाव हेच खरे नाव समजण्याचा मोह होतो. म्हणून एखादे बारशिंगे मेलेले सापडले आणि शवविच्छेदन तुझ्याकडे आले, तर चौथे पोट नीट उघडून बघ, हिमोंकस तिथेच राहतो. ताजी हिमोंकसची मादी लाल आणि पांढऱ्या पदरांच्या पिळलेल्या दोऱ्यासारखी दिसते. लाल पदर रक्ताने भरलेल्या आतड्याचा, पांढरा बीजकोशांचा. असे अख्खे जंत 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेव. फॉर्मॅलिनला हातही लावू नकोस, त्यात डीएनए खराब होतो.

लेंड्यांचे म्हणशील, तर त्याच कुरणात चितळही चरतात. तेव्हा बारशिंग्याने टाकताना प्रत्यक्ष पाहिलेलीच लेंडी उचल, म्हणजे यजमानाची ओळख पटवायला वेगळी तपासणी नको. जमिनीला टेकलेला भाग सोडून आतला घे, नाहीतर मातीतले स्वतंत्र जगणारे कृमी यादीत घुसतात. अर्धा वाटा तिथेच ताजा असताना मोज, अर्धा मला पाठव. पावसाळ्यातले नमुने मिळाले तर फारच बरे, कारण हिमोंकसच्या अळ्या ओल्या गवतावरच माजतात.

आणि बाटलीतल्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनेच लिही; पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

तुझा,
अनिल