तोफखान्याचा क्लब आणि तारखांचा घोळ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा लष्करी फुटबॉल क्लब बुडाला आणि त्याच्या जागी आजचा पोर्ट्समथ क्लब निघाला, असं तू लिहिलंस. बरेच जण असंच सांगतात. पण तारखा ओळीने लावल्या की गोष्ट उलटी दिसते.

रॉयल आर्टिलरी म्हणजे ब्रिटिश सैन्याचा तोफखाना; त्याचा हा संघ १८९४ सालचा. (गोलंदाज म्हणजे मुळात तोफ डागणारा, त्या अर्थाने हे खरे गोलंदाज!) १८९६मध्ये ते हौशी संघांच्या एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि लेस्टरला बिशप ऑकलंड क्लबकडून ०-१ असे हरले. १८९७-९८मध्ये सदर्न लीग या दक्षिण इंग्लंडमधल्या साखळी स्पर्धेचा दुसरा विभाग जिंकून ते वर चढले.

तिथेच गाडी अडली. इंग्लंडमध्ये पगारी खेळाडूंना १८८५पासूनच मुभा होती. साउदॅम्प्टन, टॉटनहॅम, मिलवॉल हे क्लब पैसे मोजून माणसं आणत. तोफखान्याला जे भरतीत आले त्यांच्यातूनच अकरा जण निवडायचे, आणि बदलीचा हुकूम आला की चांगला बचावपटूसुद्धा गेला. १८९८-९९च्या हंगामात तेरा संघांत ते तळाला राहिले. मग विभाग टिकवण्याच्या चाचणी सामन्यात काउझ क्लबने त्यांना हरवलं.

त्याच हंगामात हौशीपणाचा नियम आड आला. हौशी खेळाडूला प्रवासाचा आणि मुक्कामाचा प्रत्यक्ष झालेला खर्च घेता येई, त्यावर एक पेनीही नाही. सरावाच्या निमित्ताने जादा खर्च दिल्याचा ठपका बसला आणि त्यांना हौशी चषकातून बाद केलं. सैन्याचा पगार चालतो पण सरावाचा खर्च चालत नाही, हे मला तरी अजब वाटतं.

आता तारीख बघ. पोर्ट्समथ क्लब स्थापन झाला ५ एप्रिल १८९८ रोजी, म्हणजे हा ठपका बसण्याच्या आधी. बिअर बनवणारे जॉन ब्रिकवुड आणि मंडळींनी सुमारे पाच एकर जागा ४,९५० पौंडांना घेतली. शहराला पगारी संघ हवाच होता. लष्करी सामन्यांना जमणाऱ्या गर्दीने त्यांना गिऱ्हाईक दाखवून दिलं, एवढंच. १८९९मध्ये नवा क्लब थेट पहिल्या विभागात उतरला आणि पहिल्याच हंगामात दुसरा आला.

या नव्या क्लबच्या गोलात उभा होता तोफखान्याचाच आयरिश गोलकीपर मॅट रायली. त्या काळी गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येई. पेनल्टी क्षेत्राची मर्यादा १९१२मध्ये आली. रायलीचे जुने वृत्तान्त वाचताना हे ध्यानात ठेव, नाहीतर तो इतका पुढे काय करतोय ते कळणार नाही.

तुझा,
मिलिंद