बाबांचा कान आणि माझी तीन वर्षं

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण बाबांना निम्मं ऐकू येत नाही, मग आई मधे ओरडून सांगते आणि सगळंच अर्धवट राहतं, म्हणून लिहितेय. कानाच्या नळीत बसवायच्या स्टेंटवर, म्हणजे बारीक जाळीच्या नळीवर, मी काम करते त्या लॅबमध्ये अजून तीन वर्षं थांबशील का असं विचारलं होतं, मी हो म्हटलंय. सही पण झाली. आधी पूर्ण वाचा आणि मग काय ते बोला.

तुम्हाला आधी विचारलं नाही कारण विचारलं असतं तर बाबा लगेच "कर, कर" म्हणाले असते आणि आई, तू दोन दिवस कामापुरतं बोलली असतीस. ते बघून माझ्याच्याने सही झाली नसती. माझी काळजी करू नका, मी नीट जेवते, झोपते, खोली उबदार आहे, शेजारचे चांगले आहेत. दादा जवळ आहे म्हणून मी निवांत आहे असं अजिबात नाही, तो किती करतो ते मला माहितीय.

बाबा, तुम्ही मागे म्हणालात ना, काकाच्या हृदयात बसवला तसला एक स्टेंट माझ्या कानात बसव आणि ये घरी. तेव्हा मी विषय बदलला, आता नीट सांगते. हृदयातली रक्तवाहिनी कायम उघडी हवी असते. कानाच्या नळीचं तसं नाही. मधल्या कानापासून नाकाच्या मागे जाणारी ही नळी मोठ्या माणसात साधारण ३६ मिलिमीटर, कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा, बाकीचा कूर्चेचा, आणि ती एरवी मिटलेलीच असते. आवंढा गिळला, जांभई दिली की टाळूचा स्नायू ती क्षणभर उघडतो, हवा आत जाते, पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, परत बंद. तुमची नीट उघडतच नाही, त्यामुळे आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पाणी साठतं. पण मी तिथे नुसती उघडी जाळी बसवली तर तुमचाच आवाज, तुमचाच श्वास तुमच्या कानात घुमत राहील आणि नाकातली घाण वर चढेल ती वेगळीच. म्हणजे उघडायला मदत करायची पण मिटू पण द्यायचं, आणि हे सगळं नाकातून दुर्बीण घालून, तेही हाडाच्या भागाला लागून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी असताना. शिवाय बाहेरची वस्तू दिसली की शरीर तिच्याभोवती मांस वाढवतं. ते वाढू नये म्हणून सिरोलिमस औषध लावलेले स्टेंट प्राण्यांवर करून बघितलेत, आपोआप विरघळणाऱ्या स्टेंटवर पण काम चालू आहे. मला तरी विरघळणाराच मार्ग बरोबर वाटतो, कारण काढायला परत आत जावं लागत नाही. पण लवकर विरघळला तर नळी परत मिटते आणि जास्त दिवस राहिला तर मांस वाढतं, ती मधली वेळ शोधायची आहे. हे अर्ध्यावर दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन मला निघवत नाहीये.

आता जे लिहिताना हात जड होतोय ते. हे तुमच्या कानासाठी वेळेत होणार नाही, बाबा. आधी प्राणी, मग माणसं, मग परवानग्या, त्याला घाई करता येत नाही आणि करू पण नये. तुमच्या कानावर मी स्वतः काही घाईघाईने करू देणार नाही. म्हणून माझी वाट बघत डॉक्टरांकडे जायचं टाळू नका.

लहानपणी माझा कान ठणकायचा तेव्हा तुम्ही तळहात चोळून गरम करून कानावर धरायचात आणि मी झोपले तरी हात काढायचा नाहीत. पोरांची ही नळी आखूड आणि आडवी असते म्हणून त्यांना सारखं होतं, हे मला खूप नंतर कळलं. आता माझा हात तिथे नाही याचं फार वाईट वाटतं.

तर ऐका. आत हवा जायला कानाच्या पडद्यात बसवतात ती बारीक नळी, ग्रोमेट, परत घालायचं म्हणाले तर घालून घ्या, १९५४ पासून चालत आलेली गोष्ट आहे. ते साधारण ६ ते १८ महिन्यांत आपोआप पडतं, तुमचं पडलं यात तुम्ही काही चुकवलं नाहीत. नाकातून फुगा घालून कानाची मूळ नळी रुंद करायची पण सोय आहे, साधारण दोन मिनिटं फुगवून काढून घेतात. अमेरिकेत २०१६ मध्ये त्याला परवानगी मिळाली. तुम्हाला चालेल का ते स्पष्ट विचारा. एकाच कानात पाणी म्हणून नाकामागे गाठ तर नाही ना हे दुर्बिणीने बघितलं होतं ना, ते स्वच्छ निघालंय, ती धास्ती मनातून काढा. कानात तेल नाही, काडी नाही, ग्रोमेट असताना पाणी जाऊ द्यायचं नाही. नाक दाबून जोरात फुंकायचं नाही. सर्दी असताना विमानात बसायचं नाही, लग्न कुणाचंही असो.

आई, तू त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलत जा, ओरडू नकोस, तुझा बीपी वाढतो. आणि तुझी गोळी सकाळचीच, आठवेल तेव्हाची नाही. कानाची तपासणी या महिन्यातच करून घ्या, दादाला मी सांगितलंय. रिपोर्टचा फोटो पाठवा, पूर्ण कागद येऊ दे, मागच्या वेळी उजव्या कानाचा आलेखच कापला गेला होता.

तुमची,
छकुली