बाबांनी पाठवलेल्या व्हिडिओबद्दल

ती. आई आणि बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही डोंबिवलीहून पाठवलेला व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. विमानं आकाशात रसायनं फवारतात, सूर्याचं ऊन अडवतात आणि म्हणून कोकणातला मोहोर करपला, असं तो माणूस छातीठोकपणे सांगतो. दादाने त्यावर नुसत्या हसण्याच्या खुणा टाकल्या आणि तुम्ही गप्प बसलात. मला ते बरं वाटलं नाही. त्या व्हिडिओत हसण्यासारखं अर्धंच आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल फोनवर बोलणं जमत नाही, तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई मधेच फोन घेऊन जेवलास का विचारते. म्हणून लिहितोय.

हसण्यासारखं अर्धं लवकर उरकतो. विमानामागची पांढरी रेघ म्हणजे इंजिनातून निघालेली वाफ, दहाएक किलोमीटर उंचीवरच्या थंडीत गोठलेली. आपल्या मोहोराचं म्हणाल तर थंडी उशिरा आली, मोहोराच्या जागी पालवी फुटली, मग ढगाळ हवा आणि पाठोपाठ थ्रिप्सची कीड. ही मंडळी विमानाने येत नाहीत. मराठवाड्यात २०१५ साली विमानातून ढगांवर फवारणी केली होती ती वेगळी. ती होती आलेल्या ढगातून पाऊस पाडायला, आणि तिचा परिणाम त्या ढगापुरता.

आता खरं अर्धं. ऊन अडवण्याची कल्पना शास्त्रज्ञांनी खरोखर मांडलेली आहे. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला. त्याचे बारीक थेंब झाले, त्यांनी ऊन परतवलं आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. ज्वालामुखी हे करतो तर आपण वीसेक किलोमीटर उंचीवर मुद्दाम थोडा गंधक का पसरू नये, असं पूर्वीपासून कोणी कोणी म्हणत होतंच. पण २००६ साली पॉल क्रुत्झेन यांनी याचा अभ्यास व्हायला हवा असं लिहिलं, आणि ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेला माणूस बोलतोय म्हटल्यावर विषय चावडीवर आला. समुद्रावरच्या ढगांवर खाऱ्या पाण्याचे तुषार मारून ते जास्त पांढरे करायचे, हा याचाच धाकटा भाऊ. ऑस्ट्रेलियात प्रवाळ वाचवण्यासाठी २०२० पासून त्याच्या छोट्या चाचण्या होतायत.

आपल्याला यात काय, तर पाऊस. पिनातुबोनंतर १९९२ मध्ये जगभरात जमिनीवर पडणारा पाऊस कमी झाला होता. शिवाय गंधक कुठे सोडता यालाही महत्त्व आहे. उत्तर गोलार्ध जास्त गार केला तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आपला मान्सून कमजोर पडतो, दक्षिणेकडे गार केलं तर उलट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंदसामी बाला आणि त्यांचे सहकारी संगणकावर हीच गणितं करत आलेत. म्हणजे दुसऱ्या कुणी तरी आपल्या सोयीच्या ठिकाणाहून फवारणी केली तर आपल्या लावणीचं वेळापत्रक त्यांच्या हातात. हे वाचल्यावर मला दादासारखं हसू आलं नाही.

पण आज जगात भांडण चाललंय ते प्रत्यक्ष फवारणीवरून नव्हे, कारण तशी मोठी फवारणी अजून कुणी केलेलीच नाही. भांडण आहे लहान, उघड्यावरच्या प्रयोगांवरून. आणि लहान म्हणजे किती लहान ते ऐका. इंग्लंडमध्ये एका फुग्याला नळी बांधून एक किलोमीटरवरून दीडशे लिटर साधं पाणी फवारायचं ठरलं होतं; पेटंटवरून कुरबुर झाली, विरोध झाला आणि २०१२ मध्ये तो बेत रद्द. हार्वर्डच्या लोकांना फुग्यातून दोन किलोपेक्षा कमी चुन्याची भुकटी सोडून बघायची होती. त्याआधी २०२१ मध्ये स्वीडनच्या उत्तरेला किरुनाजवळ नुसती यंत्रं तपासायला फुगा न्यायचा होता, त्यातून काहीच सोडायचं नव्हतं. तिथल्या सामी या आदिवासी लोकांच्या संघटनेने नको म्हटलं. आमच्या आकाशात करताय आणि आम्हाला विचारलंही नाही, असा त्यांचा सूर होता. फुगा उडाला नाही आणि २०२४ मध्ये सगळा प्रकल्पच गुंडाळला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा शहरात जुन्या युद्धनौकेच्या डेकवरून समुद्राच्या मिठाचे तुषार उडवले गेले. शहराने नेमलेल्या तज्ज्ञांना त्यात आरोग्याला धोका दिसला नाही, तरी नगर परिषदेने नाही म्हटलं. आपल्या जेटीवर उभं राहिलं की वाऱ्याने त्याहून जास्त मीठ तोंडावर येतं, असं मला वाचताना वाटलं होतं.

मग मला राजापूरजवळच्या बारसूचा सडा, ते कातळाचं पठार, आठवला. एप्रिल २०२३ मध्ये तिथे ड्रिलची यंत्रं आली तेव्हा सगळे सांगत होते, हे फक्त माती परीक्षण आहे, रिफायनरी प्रकल्पाचं नंतर बघू. बायका भर उन्हात कातळावर आडव्या झाल्या होत्या. चार इंची भोकाने सडा बुडणार नाही हे त्यांनाही कळत होतं. पण एकदा भोक पडलं की पुढचा कागद आपोआप हलतो, हे कोकणातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. सामी लोकांचंही हेच म्हणणं. दोन किलो चुन्याने आकाश बिघडत नाही. त्या दोन किलोंमागून काय येणार, ही भीती आहे. बाबा, तुम्ही इथपर्यंत वाचून मान डोलवत असाल.

इथे मात्र माझी वाट तुमच्यापासून वेगळी होते. मी गोव्यात एमएस्सी करत होतो तेव्हाची गोष्ट. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था मिळून २००९ च्या जानेवारीत ‘पोलारस्टर्न’ जहाजाने दक्षिणी महासागरात गेल्या. पाण्यात लोहाचं मीठ मिसळायचं, शेवाळ वाढवायचं आणि ते शेवाळ हवेतला कार्बन घेऊन तळाला जातं का ते बघायचं, असा ‘लोहाफेक्स’ प्रयोग. तिथेही पर्यावरणवाद्यांनी गहजब केला, जर्मनीत दोन मंत्रालयं एकमेकांशी भांडली, जहाज समुद्रात असताना परवानगी थांबली आणि मग मिळाली. तीनशे चौरस किलोमीटरवर प्रयोग झाला. शेवाळ वाढलं, पण सूक्ष्म प्राण्यांनी ते खाऊन टाकलं आणि तळाला फारसं काहीच गेलं नाही. समुद्रात लोखंड टाकून कार्बनची दुकानं मांडू बघणाऱ्यांना एवढं चोख उत्तर कुठल्याही मोर्च्याने दिलं नसतं. प्रयोग झाला म्हणून ते कळलं.

म्हणून प्रयोगच नको या मताशी माझं जमत नाही. मला भीती आहे ती न विचारता करणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची. अमेरिकेतल्या एका कंपनीने मेक्सिकोत जाऊन गंधकाचे फुगे सोडले, परवानगी नाही की काही नाही, आणि वर ‘थंडाव्याची क्रेडिट्स’ विकायला काढली. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने असे प्रयोग बंद करणार म्हणून जाहीर केलं. उलट ब्रिटिश सरकारच्या ‘एरिया’ या संस्थेने २०२५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांहून जास्त रक्कम या संशोधनाला दिली, त्यात काही छोटे उघड्यावरचे प्रयोगही आहेत. आसपासच्या लोकांशी आधी बोलायचं अशी अट घातलीय. अट कागदावर किती आणि गावात किती, ते बघू.

मोठ्या फवारणीच्या मात्र मी विरोधात आहे, आणि कारण तुमच्याच बागेतलं आहे. कलमांना कल्टार, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणणारं औषध, घालायचं का यावर आपला वाद व्हायचा तेव्हा तुम्ही म्हणायचात, एकदा घातलं की झाड दरवर्षी मागतं, आणि सोडलं की रुसतं. गंधकाचंही तसंच. तो वर्ष-दोन वर्षांत खाली येतो, म्हणून घालतच राहायला हवा. खाली कार्बन वाढत राहिला आणि मधेच लढाई किंवा पैशाचा तुटवडा आला, फवारणी थांबली, तर दाबून ठेवलेली सगळी उष्णता थोड्या वर्षांत अंगावर. समुद्र आम्ल होतोय त्याला तर याने काहीच फरक पडत नाही, म्हणजे आपल्या तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांना उपयोग शून्य.

ठरवायचं कुणी, हा घोळ तसाच आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने नुसता तज्ज्ञगट नेमायचा ठराव मांडला. आफ्रिकी देशांना वापरबंदी हवी होती. एकमत झालं नाही, ठराव मागे गेला. ज्यांची शेती मान्सूनवर त्यांनी या टेबलाशी स्वतःची गणितं घेऊन बसावं, असं मला वाटतं. दुसऱ्याच्या मॉडेलवर विसंबून नाही म्हणणं आणि हो म्हणणं सारखंच.

उद्या आपल्या सड्यावरून कुणी दोन किलोचा फुगा सोडायला आलं, सगळे कागद मराठीत आधी ग्रामसभेत ठेवले, पैसा कुणाचा ते सांगितलं आणि नको म्हटल्यावर परत जायची तयारी दाखवली, तर मी हो म्हणेन. तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक आहे. का नाही, ते लिहून पाठवा, मी इथे सभेत वाचून दाखवीन.

आई, गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस. सुपारीची सोलणी चाललीय, कुळीथ दादाच्या मित्राबरोबर पाठवतोय.

तुमचा,
बाळू