काळ्या काचांपेक्षा काळं छत बरं

महोदय,

गाडीला नवं रूप द्यायचं म्हटलं की बरेच जण आधी काचांना फिल्म लावतात आणि मग चौकात दंड भरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काचेवर फिल्म चिकटवायला मनाई केली. केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये नियमात बसणाऱ्या फिल्मला मुभा दिली खरी. पण समोरच्या-मागच्या काचेतून 70 आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायलाच हवा. गोम इथेच आहे. मूळ काच 80 टक्केच प्रकाश सोडत असेल, तर 50 टक्क्यांच्या फिल्मनंतर उरतात 40. दुकानदार सांगतो फिल्मचा आकडा, प्रकाश मोजणारं मीटर मोजतं काच-फिल्म मिळून एकूण.

त्यापेक्षा छत आणि बाजूच्या आरशांची कव्हरं रॅप करावीत, म्हणजे त्यांवर व्हायनलचा (प्लास्टिकचा) रंगीत चिकट पापुद्रा चढवावा. 1.52 मीटर रुंद रोलचा दोन मीटर तुकडा छोट्या हॅचबॅकच्या छताला पुरतो. व्हायनल ‘कास्ट’च (पातळ ओतून बनवलेलं) घ्यावं, ‘कॅलेंडर्ड’ (रोलरखाली लाटलेलं) स्वस्त पडतं, पण उन्हात आक्रसून कडा सोडतं. चिकटवण्याआधी पत्रा साफ करावा: आधी शाम्पू, मग क्ले बार (रंगावरची घट्ट घाण ओढून काढणारी मऊ वडी), शेवटी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेणाचा अंश राहिला की कोपरे उचललेच म्हणून समजा. ताणलेल्या कडा हीट गनने साधारण 90 अंशांपर्यंत तापवाव्यात, नाहीतर व्हायनल मूळ आकारात परततं. कापायला ब्लेडऐवजी धाग्याची टेप (व्हायनलखाली लावायची, आतला धागा ओढला की व्हायनल कापणारी) वापरावी. ब्लेड खालचा रंगही चिरतं. अपघातानंतर पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर मात्र रॅप टाळावं, काढताना रंग सोलून निघू शकतो.

सगळ्या गाडीचाच रंग बदलणार असाल, तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या.

– एक कार-सजावट कारागीर, पुणे