सही झाली आहे

इकालुइत, उत्तर कॅनडा, फेब्रुवारी

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. इथलं नर्सचं काम मी आणखी दोन वर्षं वाढवून घेतलंय. सही झाली. मे महिन्यात येते म्हणाले होते, ते आता दिवाळीत. घराचं कर्ज फिटेल, आणि इथे नर्स टिकत नाहीत गं. पेशंटना सारखा नवा चेहरा. बाबा, रागवा हवं तर, पण गप्प बसू नका.

काकूंना सांग, पोरगी बर्फाच्या घरात राहत नाही. हीटर आहे, गरम पाणी आहे. जमीन बारमाही गोठलेली, म्हणून घर खांबांवर. पाणी टँकरने येतं, म्हणजे आपला एप्रिलच! आणि इथले मूळचे लोक, इनुइट, तरी कुठे वर्षभर इग्लूत, म्हणजे त्या बर्फाच्या घरात, राहायचे? ते हिवाळ्यापुरतं, तेही सगळीकडे नाही. उन्हाळ्यात सीलच्या कातड्याचे तंबू. कुठे दगडमातीची घरं, छताला देवमाशाची हाडं. शिकारीमागे फिरणारी माणसं. 1950-60 च्या दशकांत सरकारने त्यांना वस्त्यांत आणून बसवलं. सगळे राजीखुशीने आले नाहीत.

बाबा, इग्लूत शिरायची वाट खाली, झोपायचा ओटा वर. गारठा खाली राहतो, ऊब वर. कुणी इंजिनिअर नव्हता हो!

आई, तुला मात्र कुल्लिक दाखवायला हवा. मऊ दगडाचा अर्धचंद्रासारखा उथळ दिवा, त्यात सीलचं तेल, कडेने शेवाळाची वात. परवा एका कार्यक्रमात आजींनी लावला. ज्योत कुठे उंच झाली की काडीने वात दाबायच्या, नाहीतर काजळी धरते. पूर्वी याच दिव्यावर बर्फाचं पाणी व्हायचं, ओले कपडे वाळायचे. नानांच्या वेळी तू रात्रभर समई सांभाळलीस, ते आठवलं. बाहेर येऊन रडले, तर पापण्याच गोठल्या. मग हसू आलं.

आता ऐका. बाबा, माळ्यावर चढायचं नाही. बीपीची गोळी रोज, बरं वाटलं तरी. आई, गुडघ्याचा एक्स-रे याच आठवड्यात. पैसे पाठवलेत, ते माझ्या नावाने एफडीत टाकू नकोस. आणि मोजे आणखी विणू नकोस, डोळे दुखतात तुझे.

मेतकूट मात्र संपलंय.

तुमची,
चिमी