फ्लेमिंगोच्या चित्राखालचं दुसरं नाव

मा. संपादक, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन फ्लेमिंगो एवढा मोठा छापलात, बघून खूप छान वाटलं, पण खाली नुसतं 'ऑड्युबनचं पेंटिंग' लिहिलंय ते खटकलं. ऑड्युबन हा पक्ष्यांची चित्रं काढणारा अमेरिकन चित्रकार, पण हे चित्र म्हणजे त्याच्या 'बर्ड्स ऑफ अमेरिका' या पुस्तकातला, १८३८ सालचा लंडनमध्ये छापलेला प्रिंट आहे, आणि त्याच्या तळाला डावीकडे ऑड्युबनचं आणि उजवीकडे रॉबर्ट हॅवेलचं नाव असतं, तुम्ही नेमका तोच भाग कापलात.

ऑड्युबनने कागदावर पक्षी रंगवले हे खरंच, पण ते तांब्याच्या पत्र्यांवर, म्हणजे प्लेट्सवर, उतरवले हॅवेलने, १८२७ ते १८३८ मध्ये, एकूण ४३५ प्लेट्सपैकी पहिल्या दहा सोडून बाकी सगळ्या! रेषा कोरून आणि अ‍ॅसिडने काढायच्या, पण पिसांवरची मऊ सावली रेषांनी येत नाही, त्यासाठी अ‍ॅक्वाटिंट. म्हणजे प्लेटवर राळेची बारीक पूड पसरायची, प्लेट तापवली की कण चिकटतात, मग अ‍ॅसिड फक्त कणांच्या मधल्या जागा खातं, जिथे फिकट ठेवायचं तिथे वार्निश लावून झाकायचं आणि प्लेट परत अ‍ॅसिडमध्ये, जितका वेळ जास्त तितकी सावली गडद. वेळेचा अंदाज चुकला तर प्लेट खराब. भिंगातून बघितलं तर जाळीसारखे वेडेवाकडे कण दिसतात, आजच्या ऑफसेटचे ठिपके कसे ओळीत असतात तसे नाहीत.

आणि प्लेटवरून निघायची ती काळी छपाई, रंग सगळा नंतर हाताने, एकेका प्रतीवर स्वतंत्रपणे भरलेला. हे काम करणाऱ्यांची नावं प्रिंटवर नसतात. पण त्यांच्यावाचून अडतं किती, तर सुरुवातीला हे काम एडिनबर्गच्या लिझार्स नावाच्या प्लेट कोरणाऱ्याकडे होतं, तिथले रंगारी संपावर गेले आणि १८२७ मध्ये ऑड्युबनला सगळं उचलून लंडनला हॅवेलकडे न्यावं लागलं.

आपल्या हिमालयातल्या पक्ष्यांचंही तेच. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाच्या १८३०-३२ च्या पुस्तकातली चित्रं (ती दगडावरची, लिथोग्राफ) दगडावर काढली त्याच्या बायकोने, एलिझाबेथने, आणि सगळीकडे नाव चालतं ते गूल्डसाहेबांचं.

तेव्हा पुढच्या वेळी असं चित्र छापाल तेव्हा प्लीज तळाच्या नावांसकट पूर्ण छापा, आणि 'अ‍ॅक्वाटिंट, हाताने रंगवलेलं' एवढं तरी खाली टाका, एक ओळ पुरते.

– एक नियमित वाचक, पुणे